डाव्या पायाची शर्यत

आमच्या ह्यांना आयुष्यात एकदाच शर्यतीचं वेड लागलं. तीही अशी शर्यत, की जिच्यात खरी गाडी नव्हती, खरा रस्ता नव्हता आणि समोरचा गडी अमरावतीला बसलेला होता. तो गडी म्हणजे माझा सख्खा धाकटा भाऊ. त्यामुळे मी कोणाच्या बाजूची, हा प्रश्न मला महिनाभर दोन्हीकडून विचारला गेला, आणि दोघांनाही मी एकच उत्तर दिलं की मी परातीच्या बाजूची आहे. परातीचं काय ते पुढे येईलच.

ऐंशी सालानंतरची ही गोष्ट. नागपुरात सीताबर्डीवर तेव्हा व्हिडिओ गेमचं एक दुकान नवंनवं निघालं होतं. आत अंधार, रंगीत दिवे आणि कोपऱ्यात मोटारशर्यतीचं एक यंत्र. बसायला खुर्ची, समोर टीव्हीसारखा पडदा, हातात स्टीअरिंग आणि पायाखाली दोन पॅडल, उजवं वेगाचं आणि डावं ब्रेकचं. नाणं टाकलं की पडद्यावर रस्ता धावायला लागायचा. कॉलेजातली पोरं तिथं गर्दी करून असायची. त्या गर्दीत चाळिशीकडे झुकलेले, धोतर नेसलेले आमचे हे एका रविवारी जाऊन उभे राहिले, तेव्हा दुकानाच्या शेटला वाटलं की कोणीतरी आपल्या पोराला कान धरून न्यायला आलं आहे.

आम्ही विणकर. माझं माहेर उमरेडचं, तेही विणकराचं. आमच्या घरी पुढच्या खोलीत खड्ड्याचा माग होता. त्यावर विणणारा जमिनीलगत बसतो आणि पाय खाली खड्ड्यात सोडतो. पायाखाली दोन लाकडी पट्ट्या असतात. उजवी दाबली की अर्धे धागे वर येतात, मधून आडवा धागा घेऊन धोटा पळतो, मग डावी दाबायची की उरलेले धागे वर. उजवा, डावा, उजवा, डावा, आणि त्याच्या तालावर खटक्-खट. मी बाजूला चरख्यावर धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची. त्या आवाजात मी स्वयंपाकाचा विचार करू शकायची, भांडण करू शकायची, पोरांना पाढे म्हणायला लावू शकायची. आवाज थांबला की मात्र पोरंसुद्धा पाढे म्हणायची थांबायची.

आणि माग म्हणजे आमच्याकडे देवच. चपला खोलीच्या बाहेर काढायच्या, मागाच्या फणीला हात लावून तो कपाळाला लावायचा आणि मग बसायचं. हे कोणी शिकवत नाही. जेवायला बसताना जसं कोणी हात धुवायला सांगत नाही, तसंच.

पण त्या वर्षांत गल्लीतले माग एकेक करून मुके व्हायला लागले होते. पॉवरलूमची साडी बाजारात आली होती आणि आमच्या साडीला गिऱ्हाईक हात लावून बघायचं, छान आहे म्हणायचं आणि ठेवून द्यायचं. अशात आमच्या विणकर सोसायटीनं एक टेम्पो घेतला. अमरावती रोडवरच्या वाडीच्या गोदामातून सुताचे गठ्ठे आणायचे आणि तयार माल पोचवायचा. ड्रायव्हर विणकरांतलाच घ्यायचा असं ठरलं. मी ह्यांच्या मागे लागले. बाहेर कुठं कारखान्यात बदली कामगार होण्यापेक्षा हे बरं, असं त्यांनाही पटलं होतं. ते मोटार शिकले आणि लायसनच्या परीक्षेला गेले.

त्या परीक्षेचं वर्णन त्यांनी मला कधी केलं नाही, पण सोबत गेलेल्या शेजाऱ्यानं गल्लीभर केलं. ह्यांनी सवयीनं चपला काढून जीप चालू केली, गिअर टाकला, गाडी निघाली. इथवर सगळं ठीक. मग उजवा पाय खाली गेला तसा त्यांचा डावा पाय आपणहून क्लचवर पडला. तो वर आला की उजवा, उजवा वर आला की पुन्हा डावा. गाडी एकदा गुरगुरायची, एकदा गचका द्यायची. शेजारी बसलेल्या साहेबांनी थोडा वेळ डॅशबोर्डला धरून सोसलं आणि मग गाडी थांबवायला सांगून ते ऑफिसपर्यंत पायी गेले.

हे घरी आले, चपला काढल्या आणि मागावर बसले. मी चहा नेऊन ठेवला तेव्हा एवढंच म्हणाले, "हे पाय मागाचेच आहे. दुसऱ्या कामाले नाही यायचे."

त्यानंतर परीक्षेचं नाव काढलं की ते धागा तुटल्याचं सोंग करून मागाखाली वाकायचे. सोसायटीचे सेक्रेटरी भले माणूस. दिवाळीपर्यंत जागा राखून ठेवतो, त्यापुढे मला जमणार नाही, असं त्यांनी मला येऊन सांगितलं. मलाच सांगितलं, कारण हे वाकलेले होते.

एवढ्यात माझा भाऊ आला. आमचे बाबा गेल्यावर उमरेडचा माग मोडून विकावा लागला, तेव्हा लहानपणापासून त्यावर विणणारा हा, मिसरूडही न फुटलेला, ट्रकवर क्लीनर म्हणून गेला. पुढे ड्रायव्हर झाला आणि अमरावतीला स्थायिक झाला. तोंडाचा भारी फटकळ. आला की आधी भाऊजींची खोडी काढायची, मग पाणी प्यायचं. म्हणायचा, "भाऊजी, तुमची गाडी दिवसभर चालते, पण घर काही सोडत नाही." हे हसायचे. पण ह्या वेळी परीक्षेची गोष्ट त्याच्या कानावर गेली होती, म्हणून त्यानं खोडीचा सगळा खजिनाच उघडला. त्यात बर्डीवरच्या यंत्राचा विषय निघाला. तसंच यंत्र अमरावतीलाही होतं, कारण दोन्ही दुकानांचे शेट एकमेकांचे भाऊ होते. दोघांनी एक टूम काढली होती. रविवारी एक गडी नागपुरात बसायचा, एक अमरावतीत, रस्ता तोच, आणि मध्ये ट्रंक कॉल. कोणाची गाडी किती लांब गेली ते फोनवर सांगायचं. पहिली फेरी कच्ची, हात बसायला. दुसरी पक्की. माझा भाऊ म्हणाला, भाऊजी, तिथं तरी या, तिथं साहेब उतरून पळत नाही.

हे हसले नाहीत. बराच वेळ फणीवरून बोट फिरवत राहिले आणि मग म्हणाले, "ठीक आहे. तुले हरवलं तर परीक्षेले जाईन. नाही हरवलं तर हा विषय घरात कोणी काढायचा नाही." शेवटचं वाक्य त्यांनी माझ्याकडे बघून म्हटलं.

म्हणजे टेम्पो, दिवाळी आणि आमचं पुढचं सगळं त्या खेळण्यावर येऊन अडकलं. शहाण्या बाईनं कपाळाला हात लावला असता. मी पदर खोचला.

तयारी घरीच करायची ठरली, कारण बर्डीवर दर वेळी नाणी घालणं आम्हाला झेपणारं नव्हतं. घरी दोन पॅडल कुठून आणायची? मागाला दोन पट्ट्या होत्याच. आम्हा दोघांनाही ही कल्पना इतकी आवडली की आम्ही एकमेकांकडे कौतुकानं बघितलं. हे मागावर बसायचे, पाय पट्ट्यांवर, हातात स्टीअरिंग म्हणून माझी कणीक मळायची परात. मी समोर सूप घेऊन उभी. सूप डावीकडे गेलं की ह्यांनी परात उजवीकडे वळवायची, कारण सूप म्हणजे पुढची गाडी. पोरं तोंडानं घर्र करायची. स्वयंपाकाला रोज उशीर व्हायचा, आणि कधीकधी परात मागितली तर हे म्हणायचे, थांब, वळणावर आहे.

यंत्रातला रस्ता मोठा वेगाचा होता. शेट सांगायचा की ह्या रस्त्यावर जो ब्रेक दाबेल तो मेला, ब्रेक फक्त एका वळणाला. तो रस्ता लक्षात राहावा म्हणून आम्ही त्याला आपली नावं दिली. सुरुवातीचा लांबलचक सरळ पट्टा म्हणजे वर्धा रोड, थेट बुटीबोरीपर्यंत, पाय उचलायचाच नाही. मग कन्हान नदीच्या पुलावर असतं तसं एक अवघड वळण यायचं, ते कन्हान. ब्रेक तिथंच. आणि शेवटी जिथं बाकीच्या गाड्यांची दाटी व्हायची ती वाडी, तिथं ट्रकांमधून वाट काढत निघायचं. मी पोळ्या लाटता लाटता ओरडायची, कन्हान आलं, आणि पुढच्या खोलीत पट्टी दाणकन खाली जायची.

रविवारी आम्ही बर्डीवर खऱ्या यंत्रावर सराव करायला जायचो. दुकानाच्या दाराशी हे चपला काढायचे, स्टीअरिंगला हात लावून कपाळाला लावायचे आणि बसायचे. मी चपला उचलून कोपऱ्यात ठेवायची, कोणी नेऊ नये म्हणून. पोरं हसायची. शेटला मात्र हे फार पसंत होतं, म्हणायचा की सगळ्या गिऱ्हाइकांनी असं केलं तर त्याची फरशी स्वच्छ राहील.

पण तो डावा पाय. उजवा वेगावर पडला की डावा ब्रेकवर पडायचाच. पडद्यावरची गाडी वर्धा रोडवरच आचके द्यायला लागायची. मी नाना उपाय केले. साडीची जुनी किनार घेऊन डावा पाय खुर्चीला बांधला, तर पायाबरोबर खुर्चीच हलायला लागली. मग त्यांना पाय दुमडून त्यावर बसायला लावलं, तर पायाला मुंग्या आल्या आणि उठताना ते माझ्या अंगावर पडले. एकदा मी स्वतः त्यांच्या पावलावर पाय देऊन उभी राहिले. तेव्हा कॉलेजातल्या एका पोरानं मोठ्या आदरानं विचारलं की काकू, दोघं मिळून खेळायचंय का.

घरी येऊन आम्ही आणखी जोरात सराव करायचो. मागावर. आता आठवलं की मला एकटीलाच हसू येतं. जी खोड मोडायची होती, तिलाच आम्ही रोज संध्याकाळी खुराक घालत होतो आणि वर माझी परातही त्यात गेली.

शर्यतीचा रविवार आला. किनार मी सोबत घेतली होती, पण हे म्हणाले, "बांधू नको वं. फोनवरून समजलं तर तो जन्मभर बोलंल." त्यांनी दाराशी चपला काढल्या, मी कोपऱ्यात ठेवल्या. शेटनं अमरावतीचा ट्रंक कॉल लावला. लाइन लागायला वेळ लागला, तोवर हे डोळे मिटून रस्ता घोकत होते. मला त्यांच्या कपाळावरचा घाम दिसत होता, आणि पहिल्यांदाच मला त्यांची थट्टा करावीशी वाटली नाही. हे हरले तर पुन्हा त्या मागाखाली वाकतील आणि वरच येणार नाहीत, अशी मला भीती वाटली.

लाइन लागली. कच्च्या फेरीत माझा भाऊ आधी खेळला. आम्ही दिलेली रस्त्याची नावं एव्हाना शेटलाही पाठ झाली होती; त्यानं रिसीव्हर कानाला लावून आम्हाला सांगितलं की भावानं वाडी पार केली. मग हे बसले. चलाखी नको म्हणून शेटनं रिसीव्हरची तार ओढून तो यंत्राजवळ धरला, म्हणजे तिकडच्यांना आवाज ऐकू जावा. गाडी निघाली. घर्र, गप्प. घर्र, गप्प. वर्धा रोड काही संपेना. पोरं तोंडावर हात धरून हसत होती. ह्यांचं लक्ष पडद्यावर होतं आणि दोन्ही पाय खाली आपापलं काम करत होते, उजवा, डावा, उजवा, डावा. कन्हानच्या आधीच वेळ संपली.

शेट रिसीव्हर कानाला लावून काहीतरी ऐकत होता. मग त्यानं तो माझ्याकडे दिला. तुमचा भाऊ तुमच्याशीच बोलतो म्हणतो.

मला वाटलं, आता खोडी काढेल.  पण तो म्हणाला, "बाई, इथं माग वाजल्यासारखा आवाज आला."

मी म्हटलं, हो, तुझे भाऊजी खेळत होते.

"त्यायच्या पायात चपला आहे काय?"

मी कोपऱ्याकडे बघितलं. म्हटलं, नाही, काढून ठेवल्या.

"घालाले सांग. दोन्ही. मी ट्रकवर शिकून राहिलो होतो तवा मी बी काढून चढायचो. उस्ताद मारायचा, पण काहून होऊन राहिलं ते त्यालेही समजत नव्हतं. उघडा पाय माग शोधते, बाई. चपलेतला पाय नाही शोधत."

इतक्या वर्षांत त्यानं हे कधी सांगितलं नव्हतं. भाऊजींच्या पायांना हसणारा हाच. मी रिसीव्हर शेटकडे दिला, चपला उचलून आणल्या आणि ह्यांच्या पायांपाशी ठेवल्या. भाऊ काय म्हणतो ते सांगितलं.

ह्यांनी पाय मागे घेतले. त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना देवघरात चपला घालून जायला सांगितलं होतं. म्हणाले, "कामावर चपला घालून बसू?"

 फोनवर मिनिटं चालली होती आणि शेट घड्याळाकडे बघत होता. मला राग येत होता, आणि त्या माणसाबद्दल पोटातून मायाही दाटून येत होती. मी खाली बसले. म्हटलं, "हा माग नाही. तुमचा माग घरी आहे. त्याच्यावर बसताना चपला काढा, जन्मभर काढा. पण ह्याच्यावर नका काढू."

 ते चपलांकडे बघत राहिले. मग त्यांनी एकेक पाय आत सरकवला, अंगठा अडकवला, आणि स्टीअरिंगला हात लावून तो कपाळाला मात्र लावलाच.

पक्की फेरी सुरू झाली. मी पडद्याकडे बघितलं नाही, खाली बघितलं. उजवी चप्पल पॅडलवर दबून बसली होती. डावी जमिनीवर होती. तिच्यातला पाय एकदा थरथरला, टाच जराशी उचलली गेली, आणि पुन्हा टेकली. बस्स. वर्धा रोड एका दमात गेला. कन्हानला ते स्वतःच मोठ्यानं म्हणाले, कन्हान आलं, आणि ब्रेक अगदी जागेवर दाबला. वाडीच्या गर्दीत एक गाडी घासली, पण पार झाले, आणि वाडीच्याही पुढे, आम्ही ज्याला नावच ठेवलं नव्हतं अशा रस्त्यावर गेले. वेळ संपली तेव्हा पोरांनी टाळ्या वाजवल्या. काकू म्हणणाऱ्यानं सगळ्यात जोरात.

मग अमरावतीची पाळी. तिकडचं आम्हाला काही दिसत नव्हतं. शेट रिसीव्हर कानाला लावून उभा होता आणि त्याचा चेहरा गोंधळत चालला होता. शेवटी त्यानं सांगितलं की अमरावतीची गाडी वर्धा रोडवरच आचके देत राहिली आणि कन्हानपर्यंतसुद्धा पोचली नाही. नागपूर जिंकलं. हे खुर्चीवरून उठले ते थेट रस्त्यावर गेले, आणि बर्डीच्या त्या गर्दीत उभं राहून आपल्याच पायांकडे बघून हसत राहिले.

पुढे त्यांनी शब्द पाळला. परीक्षेला गेले, चपला घालून जीपमध्ये चढले आणि साहेबांना पायी न चालवता परत आणलं. दिवाळीच्या आत टेम्पो मिळाला. त्या दिवशी घरी आल्यावर त्यांनी चपला बाहेर काढल्या, मागावर अर्धी राहिलेली साडी होती तिच्यापुढे बसले आणि अंधार पडेपर्यंत विणत राहिले. मी कांड्या भरून देत गेले. परात मला परत मिळाली, पण तिच्या काठाला एका बाजूला ह्यांच्या हातांचा पोचा कायमचा पडला आहे.

भाऊ दिवाळीला आला. आल्या आल्या म्हणाला, भाऊजी, आता तुमची गाडी घर सोडते म्हणे. हे टेम्पो घेऊन वाडीला निघाले होते. ते गेल्यावर मी भावाला पाट दिला, चकल्या दिल्या आणि सरळ विचारलं की इतकी वर्षं ट्रक चालवणारा माणूस खेळण्यातल्या वर्धा रोडवर कसा अडकतो. भाऊजींना जिंकवायचं म्हणून मुद्दाम हरलास ना?

तो चकली मोडत राहिला. मग म्हणाला, "नाही वं बाई. फोनवर तो आवाज आला अन् बाबाचा माग आठवला. म्हणून पक्क्या फेरीले मी चपला काढून बसलो. मले पाह्याचं होतं, इतक्या वर्षांनी माझा पाय अजून शोधते काय म्हणून."

 त्याची नजर पुढच्या खोलीतल्या मागाकडे गेली होती.

"शोधते," तो म्हणाला.